गोळीचं चाटण

माझ्या धाकट्या भावाला गोळी गिळता येत नाही, हे आमच्या घरात फार कौतुकानं सांगितलं जायचं. जणू काही कलाच होती ती. तळलेली अख्खी मिरची दोन घासांत पोटात घालणारा हा माणूस डोकेदुखीची गोळी समोर आली की मान वाकडी करायचा. मग त्याची बायको ती गोळी पितळी खलात कुटायची, मधात कालवायची आणि त्याला बोटानं चाटवायची. चाटण केल्याशिवाय औषध अंगी लागत नाही, असं सगळं घर मानत होतं.

भावाचा सोलापूरच्या भवानी पेठेत शेंगांचा व्यापार. मी लवकर विधवा झाले, नर्सिंग शिकले आणि सोलापुरातच एका दवाखान्यात सिस्टर म्हणून राहिले. त्याबद्दल घरात मला मान नव्हता. 'दुसऱ्यांचं मूत काढती' असं माझी भावजय शेजारणींना सांगायची. मात्र घरात कुणाला ताप आला की पहिला निरोप मलाच यायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. भावाच्या मानेत गाठी आल्या. मी आणि त्याचा मुलगा त्याला मुंबईला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं कॅन्सर आहे असं स्पष्ट सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळी अख्खी गिळायची, फोडायची नाही, चघळायची नाही. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर लघवीतून रक्त जाईल. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळीला हातसुद्धा लावायचा नाही. हे सगळं त्यानं मराठीत सांगितलं, सावकाश सांगितलं. भाऊ मान डोलावत होता.

घरी येऊन भावानं काय सांगितलं? वांगं बंद. दही बंद. आंबट बंद. यातलं एक अक्षरही डॉक्टर बोलला नव्हता. पण पथ्य नसलेला आजार त्या घराला आजारच वाटेना. वांग्याचं देठसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून भावजय भाजीच्या पिशव्या उलट्या करून बघत होती.

पुढच्या रविवारी ड्यूटी संपवून मी गेले, तर मधल्या खोलीत सून खल मांडीशी घेऊन बसलेली. तिला चौथा महिना होता. आधीचं एक गेलेलं.

"काय कुटतेस?"

"मामंजींची गोळी, आत्या."

शेजारी बशीत पांढरे पापुद्रे होते. चाकूच्या टोकानं तिनं गोळीवरचं कवच खरवडून काढलं होतं. तिच्या बोटांवर आणि हिरव्या बांगड्यांवर पांढरी भुकटी बसली होती. मी खल हिसकावून घेतला. तेवढ्यात भावजय आतून आली.

"अक्का, अवो काय करताय? वरचं टरफल काढायलाच लागतंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? शेंगा काय टरफलासकट खातेत व्हय?"

पिढ्यान्‌पिढ्या शेंगा फोडून पोट भरणाऱ्या लोकांकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. आतलं औषध हाताला लागू नये म्हणून ते कवच मुद्दाम घातलेलं असतं, हे मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मग आतलं अंगी कसं लागणार?"

"बरं, मग तू कुट की. हिला कशाला बसवलंस?"

"माझ्या हाताला गुण न्हाय. ही दोन जिवांची हाय. हिच्या हातचं औषध लई लवकर लागू पडतंय. शेजारच्या अज्जी म्हणत होत्या."

म्हणजे ज्या एका बाईनं त्या गोळीला शिवायचं नव्हतं, तिलाच या लोकांनी शोधून शोधून त्या कामाला बसवलं होतं.

भाऊ बाहेरच्या खोलीत लोडाला टेकून सगळं ऐकत होता. तिथूनच म्हणाला, "औषधच हाय की, अक्का. इख न्हाय. मी रोज खातोय, मला काय होत न्हाय, आन् नुसत्या वासानं तिला होतंय?"

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तू गाठी मारायला खातोस. जे जोरानं वाढतंय ते मारायचं, एवढंच त्या औषधाला कळतं. तिच्या पोटात वाढतंय ती गाठ नाही, हे त्याला कोण सांगणार? तू सांगशील?"

तो लोडावरून उठून सरळ बसला. मला वाटलं, आता डोक्यात शिरलं. पण भावजयीनं पदर डोळ्यांना लावला. "भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये, अक्का." भुकटी चालत होती, बोलणं चालत नव्हतं.

मी तरीही बसून सगळं सांगितलं. औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून त्याचं रात्रीचं भांडं आणि धोतरं सुनेनं धुवायची नाहीत. जो धुवेल त्यानं हातमोजे घालायचे आणि कपडे वेगळे काढायचे. भांड्यात भरपूर पाणी ओतायचं. आणि त्यानं पाणी प्यायचं. तो पीत नव्हता, कारण संडास परसाच्या टोकाला आणि उठायचा कंटाळा. लघवीला जळजळ सुरू झाली होती. त्यावर घरानं निदान केलं होतं, उष्णता. उपाय, एक वाटी सब्जा.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घालून रबरी हातमोज्यांचे दोन जोड नेऊन दिले. आठवड्यानं गेले, तर ते मोजे भावजयीच्या हातात. शेंगाचटणीसाठी लाल मिरच्या कुटत होती.

"लई उपयोगाचं हायत बगा, अक्का. हाताची आग होत न्हाय आता."

आणि ती कुटत होती त्याच खलात. मी मिरच्या परातीत ओतल्या, खल पिशवीत घातला आणि बाहेर पडले. तो खल भावजयीच्या माहेरचा होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत झालं की अक्कानं भावाच्या आजारपणात घरातली पितळेची भांडी न्यायला सुरुवात केली. गोळीची भुकटी कुणाच्या पोटात जाते याची चौकशी कुणी केली नाही, पितळेची सगळ्यांनी केली.

त्यानंतरच्या खेपेला सून मला दारातच भेटली. सासू देवळात गेली होती.

"आता पाट्यावर वाटायला लावलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी श्वास धरून वाटते. मग हात धुते. लई धुते. पण परत त्याच हातानं भाकरी थापायची."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"ते म्हणाले, अप्पांना विचारून सांगतो."

माझा भाचा चोवीस वर्षांचा होता. शेंगांच्या पोत्यात हात घातला की ओल किती आहे ते सांगायचा. स्वतःच्या बायकोबद्दल मात्र त्याला बापाला विचारावं लागत होतं.

"आत्या, पहिल्या वेळेला गेलं तेव्हा सगळे म्हणाले, हिचंच कायतरी चुकलं असंल. आता परत गेलं तर काय म्हणतील?"

"तेच म्हणतील."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं पण बरं वाटणारं काहीतरी मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "मला हितनं न्या की."

औषधाचं भय दाखवून त्या घरातला पाटासुद्धा हलला नसता. म्हणून मी भावजयीला म्हटलं, पाचवा लागतोय, माहेरी ओटी भरायची राहिलीय, आधीच्या वेळेला ती राहिली होती ना? पुढचं मला बोलावंच लागलं नाही. तिनं स्वतःच तांदूळ, नारळ, खण बांधून दिला. मुंबईच्या डॉक्टरचं शिक्षण, माझी इतक्या वर्षांची नोकरी, हे सगळं एका खणापुढं कवडीमोल होतं. मी रजा टाकली आणि एसटीनं सुनेला मैंदर्गीला, तिच्या माहेरी पोचवून आले. तिच्या आईला कन्नडमध्ये बजावलं, बाळंतपण होईपर्यंत पाठवायची नाही, कुणीही न्यायला आलं तरी.

परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम भावाकडे गेले. गोळी पाट्याशेजारी तशीच पडली होती.

"वाट की," मी भावजयीला म्हटलं.

ती दोन पावलं मागं सरली. "मी न्हाय बाई. लई जहाल हाय ते. पोरगी वाटायची तर लांबनंसुदिक मला मळमळायचं."

म्हणजे तिला माहीत होतं. इतके दिवस माहीत होतं. मी भावासमोर पेला भरून ठेवला आणि गोळी तळहातावर दिली. त्यानं बायकोकडे पाहिलं, ती आत निघून गेली. मग त्यानं डोळे मिटून गोळी टाकली, पाणी प्यायला आणि डोळे उघडले.

"गेली की!" असं म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कुणी शाबासकी देतंय का म्हणून.

मैंदर्गीत मुलगी झाली. मी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासली, हातपाय, टाळू, पाठीचा कणा. सगळं जागेवर होतं. हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. ती भुकटी प्रत्येकीला बाधतेच असं नाही, आणि सुनेच्या पोटात किती गेली हे कुणाला कळणार? बारशाला भावजयीनं मात्र जमलेल्या बायकांना सांगितलं की सासऱ्याची सेवा केली म्हणून एवढं ठणठणीत लेकरू झालं. बायका मान डोलावत होत्या.

तीन महिने उलटले तसा भावाकडून निरोपांचा मारा सुरू झाला. सुनेला पाठवा, घरात काम पडलंय. शेवटी मलाच मैंदर्गीला धाडलं. तिची आई घाबरलेली, सारखी म्हणत होती, सासरी जायलाच पायजे की. सून पोरीला पाजत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "मामंजींच्या गोळ्या संपल्यावर येते. तसंच सांगा त्यांना."

मी तसंच सांगितलं. भाऊ ताडकन उठून बसला.

"म्हंजे माझ्या मरणावर टपलीय व्हय ती?"

"गोळ्या संपण्यावर टपलीय. मरण ही तुझी कल्पना."

भावजय तोवर दारात येऊन उभी राहिली होती. तिला मरणाबिरणाचं काही नव्हतं. "आन् तवर ह्यांचं रात्रीचं भांडं कुणी धुवायचं?"

"ज्यानं भरलंय त्यानं," मी म्हटलं.

पुढं कित्येक महिने दोघंही माझ्याशी बोलत नव्हती. त्यामुळे माझे रविवार मोकळे गेले. भांडं भाऊच धुवायचा, परसात, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून उजाडायच्या आत. गाठी हळूहळू बसल्या आणि मुंबईच्या डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या. त्यानंतरच्या महिन्यात सून आली. पोरगी तोवर चालायला लागली होती.