अकोल्यात मला झालेली शुगर

मी अमरावतीत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवतो. विषय घेणारी मुलं दरवर्षी कमी होतात, म्हणून उरलेलं तर्कशास्त्र मी घरात, बसस्टँडवर आणि लग्नकार्यात वाटतो. भाचीचं एक जमत आलेलं लग्न त्यापायीच फिसकटलं. मुलाच्या काकांच्या बोलण्यातली चूक मी त्यांना उदाहरणासह समजावून दिली होती.

या वेळचा मुलगा अकोल्याचा होता आणि भाचीला तो मनापासून आवडला होता. मी आणि बहीण त्याचं घर पाहायला निघालो, तेव्हा भाचीनं गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला. "मामा, तिथं कोणाले चूक म्हणू नका. एक दिवस. माह्यासाठी." मी वचन दिलं.

वाटेत मूर्तिजापूरला मी उसाचा रस प्यालो, दोन ग्लास. त्यामुळे अकोल्यात चहा बिनसाखरेचा मागितला आणि चहा संपताच बाथरूम विचारलं.

बाथरूम अंगणाच्या कडेला होतं. आत जाऊन कडी लावली. बाहेर येताना ओढली, तर ती अर्धी सरकून जी बसली ती बसलीच. हाक मारावी, तर मुलीचा मामा बाथरूममधून ओरडतोय ही शोभा. मी चपलेनं हळूच ठोकून पाहत होतो, तेवढ्यात खिडकीच्या जाळीबाहेर, अंगणात, खुर्च्या सरकल्या. मुलाची आत्या आणि मुलाचे वडील येऊन बसले.

"मामा गेले ते गेलेच," आत्या म्हणाली.

"येतीन ना. तू काय पहारा देऊन राहिली?"

"चहा बिनसाखरेचा मांगला. आता एवढा येळ आतमंदी. शुगर हाय यायले."

"असन."

"मंग पोरीले बी होईन. पोरगी मामावर जाते."

आत मी जवळजवळ टाळीच वाजवली. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण ओला रस्ता म्हणजे पाऊसच नव्हे, टँकर गळत गेला असेल. हे मी फळ्यावर लिहितो तेव्हा मुलं जांभया देतात. इथं तीच चूक धडधाकट, दोन पायांवर उभी होती आणि माझ्या भाचीचं लग्न मोडायला निघाली होती. एका वाक्यात मी ती आडवी केली असती. पण बाहेर वचन होतं आणि आत कडी.

शेवटी बहिणीनं दार वाजवलं, मुलाच्या वडिलांनी खांदा लावला आणि मी घामानं निथळत बाहेर आलो.

"घाम पाह्य," आत्या म्हणाली.

"कडी अडकली होती," मी म्हणालो.

"हो ना, अडकते." आजाऱ्याशी बोलतात तसा आवाज. "त्यात लाजायचं काय, मामा?"

"मला शुगर नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मी ताटलीतले दोन पेढे एकदम तोंडात टाकले. तिनं बहिणीकडे पाहिलं. "हावच असते यायले."

नकार हा पुरावा, घाम हा पुरावा, पेढे हाही पुरावा. तिचं मत बदलेल असं काही जगात शिल्लकच नव्हतं. बहिणीचा चेहरा पडला. आता मी काहीही केलं तरी भाचीचं नुकसानच होणार होतं.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला ओसरीच्या टोकाला नेलं. "मामा, खरं सांगू? शुगर मले बी हाय. तुमी लोक मागं सरान म्हणून बोललो नाई. आता तुमचं कळलं, जीव हलका झाला. दोन्ही घरं बराबरीत. करू का पक्कं?"

चुकीच्या गृहीतकातूनही कधीकधी योग्य निष्कर्ष निघतो, हेही मी वर्गात शिकवतो. ते सोसावं कसं, हे पुस्तकात नाही.

"कधीपासून हाय तुमाले?" त्यांनी विचारलं.

"झाली की काही वर्षं," मी म्हणालो. बहीण माझ्याकडे बघतच राहिली.

लग्न झालं. भाची सुखात आहे. अकोल्यात मात्र गोडाचं ताट माझ्यासमोर न थांबता पुढे जातं. परवा गेलो, तर आत्यानं कारल्याचा रस आणला आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर बसून राहिली. भाची स्वयंपाकघराच्या दारात ओढणी तोंडावर धरून उभी होती.

"फरक पडला ना, मामा?" आत्यानं विचारलं.

"पडला."

आत्या समाधानानं भाचीकडे वळली. "मी तं पयल्याच दिवशी वळखलं होतं."