तुपाचं बोट

कोमट तुपाचा वास आला की मला बिलोलीचा तो उन्हाळा आठवतो. लेक तीन वर्षांची होती, आठवडाभर सर्दीने बेजार. डोळे पुसून पुसून त्यांच्याखालची कातडी लाल होऊन सोलवटली होती. आम्ही बाया वर्षभराच्या तिखटासाठी ओसरीत मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. ती रडत आली तशी मी उठले, साबणाने हात धुतले आणि वाटीत तूप कोमट केलं. धुणं वाळत घालून आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सकाळपासून मिरच्यात हाय तू. थांब, मी लावते." मी म्हणाले, "धुतलेत की हात. एवढ्याला काय थांबायचं?" डोळ्याखाली एकच बोट फिरलं आणि पोर अशी किंचाळली, की ओसरीतल्या सगळ्यांचे हात थांबले. मी घाईने पाणी मारलं, तर आग आणखी पसरली. शेवटी जाऊबाईंनी तिला ओढून घेतलं आणि दुधात भिजवलेल्या कापसाने पुसत बसल्या. मी हात पाठीमागे धरून नुसती उभी. पुढे माझा हात तिच्या तोंडाजवळ गेला की ती डोळे गच्च मिटायची, "काकी पुशील," म्हणायची. मला वाटलं, मोठी झाली की विसरेल. काल नांदेडला तिच्या बाळाच्या डोळ्यांखाली तसंच लाल झालेलं दिसलं. मी हात धुऊन, तूप कोमट करून नेलं. तिने वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे आई, मी लावते." घरी तिखट आता विकतच येतं, पण ते तिला सांगून काय उपयोग होता?