कोशाच्या भांड्यातले सायकलचे बूट

"बूट पान्यात पडले होते जी," असं म्हणून रामदासभाऊंनी कापडी पिशवीतून जोडी काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

पांढरे सायकलिंगचे बूट. उजव्याचा सोल पुढच्या बाजूला बोट जाईल इतका उघडला होता. पांढरा रंग पिवळट झाला होता. आतलं इनसोल पापडासारखं वळलं होतं. पाण्यात पडलेल्या बुटाची अशी दशा होत नाही.

भंडाऱ्यात माझं बूट धुण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान आहे. हसू नका, सगळ्यांचं हसून झालंय. आधी बरीच वर्षं मी एका पादत्राणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. तिथे बूट फाडून बघण्याचा पगार मिळायचा, इथे जोडण्याचे पैसे मिळतात. दुकान टाकलं तेव्हा माझा मेहुणा म्हणाला होता, "लोक कपडे धुवाले कंटाळा करून राहिले, बूट कोन आनून देईन तुले?" देतात. मेहुण्याचेच सगळ्यात जास्त येतात.

रामदासभाऊ पवनीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. त्यांची मुलगी प्रणाली सायकलच्या शर्यतींत उतरते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला राहणारे एक निवृत्त गृहस्थ तिला कोचिंग देत. हे बूट त्यांनीच कुठूनतरी मागवून दिले होते. रविवारी नागपूरला तिची सिलेक्शन ट्रायल होती आणि आज गुरुवार होता. नवी जोडी तोवर येणं शक्य नव्हतं. आली असती तरी ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट पायाला फोड आणतो, बाकी काही आणत नाही.

"साधे बूट घालून चालवता नाही येत का?" मी विचारलं.

"तिच्या पायडलमंदी ते बसत नाही म्हन्ते. ह्याच्या खाली खटका हाये ना."

बरोबर होतं. या बुटांच्या तळाला क्लीट नावाची पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. ती पेडलमध्ये खट्‌कन अडकते. मग पाय खाली दाबतानाच नव्हे, वर ओढतानाही चाकाला जोर मिळतो. त्यासाठी सोल दगडासारखा कडक लागतो. वरचा भाग मात्र चामड्याचा नसतो. तो सिंथेटिक असतो, वजनाला हलका. हे दोन भाग शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. सगळी भिस्त त्या गोंदावर. आणि हा गोंद एकाच गोष्टीला खरोखर भितो. उष्णतेला.

मी बूट नाकाशी नेला. हा माझा कारखान्यातला जुना चाळा. आणि लगेच कळलं. रेशमाचे कोश शिजवतात त्या घरातला वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही. मासळी आणि ओलं लाकूड एकत्र शिजवल्यावर येईल तसा काहीतरी तो असतो. शिलाईच्या खाचेत पांढरी भुकटीही दिसली. धुण्याचा सोडा.

"रामदासभाऊ, बूट शिजवले का तुम्ही?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "शिजवले नाही. आधन उतरवलं, सोडा टाकला आन्‌ त्याच्यात बुडवून ठेवले फक्त."

"काहून पण?"

"धानाच्या रोवण्याचे दिस हायेत. ट्रॅक्टर सगळा चिखल सडकेवर आनून टाकते, अन्‌ पोरगी त्याच्यातूनच जाते रोज. बूट काळे झाले होते. सर तिले सगळ्याईच्या समोर बोलले म्हने. मी म्हटलं, तिले माईत होऊ न देता चकाचक करून ठेवतो. आमी कोश असेच साफ करतो ना. डिंक सुटते, मळ सुटते."

डिंक सुटला होताच. फक्त बुटाचा. कोशात धागा डिंकानं चिकटलेला असतो, तो सुटा करायला गरम पाणी आणि सोडा लागतो. बुटात नेमका तोच डिंक सुटू द्यायचा नसतो. जन्मभर जे काम बिनचूक केलं, तेच त्यांनी इथे बिनचूक केलं होतं.

मी तळ बघितला. दोन्ही क्लीट काढलेल्या. रामदासभाऊंनी त्या खिशातून काढून दिल्या, रुमालात गुंडाळलेल्या, कोरड्या.

"हे कसं काय सुचलं?"

"त्याच्यात लोखंडाचे स्क्रू होते ना. कोशाच्या भांड्यात लोखंड कोन टाकीन जी? गंजाचा डाग लागला का मग रेशीम बाद."

म्हणजे बूट आधणात गेले, पण भांड्याला डाग लागू नये याची काळजी घेतली होती. मला हसावं की चिडावं कळेना. पण त्या सवयीनं क्लीट वाचल्या. त्या प्लास्टिकच्या असतात, आधणात वाकल्या असत्या आणि मग माझ्या हातात काहीच उरलं नसतं.

"होईन का रविवारपर्यंत?"

"शनिवारी दुपारी या. गॅरंटी देत नाही."

"पोरगीच येईन. पन भाऊ, तिले सांगू नका. बापानं बुडवलं म्हनन. सर्विसिंगले टाकले एवढंच सांगतलं मी."

हा माणूस रविवारचा निकाल लागायच्या आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. मी "बरं" म्हणालो.

आधी सोडा काढायचा होता. थंड पाणी, मऊ ब्रश, पुन्हा थंड पाणी. बोटांना निसरडं लागेनासं होईपर्यंत. वेल्क्रोच्या पट्ट्यांत चिखल आणि भाताच्या तणसाच्या काड्या अडकल्या होत्या, त्या जुन्या टूथब्रशनं उकरल्या. मग आत कोरे कागद कोंबून पंख्याखाली ठेवले. उन्हात नाही. हेअर ड्रायरसमोरही नाही. घाई झालेली माणसं नेमकं तेच करतात आणि मग माझ्याकडे येतात.

शुक्रवारी सोल. सुटलेल्या दोन्ही बाजू पॉलिशपेपरनं घासल्या, गोंद लावला आणि तो कोरडा वाटेपर्यंत थांबलो. ओल्या गोंदावर दाबलं तर चिकटल्यासारखं दिसतं, पण पहिल्या चढावर तोंड उघडतं. मग जरा ऊब देऊन दाबलं आणि सायकलची जुनी ट्यूब गच्च गुंडाळून ठेवली. उष्णतेनं सुटलेलं उष्णतेनंच जोडावं लागतं. किती द्यायची, एवढाच प्रश्न असतो.

क्लीटची जागा ही खरी भीती होती. ती जराशी तिरपी बसली तरी गुडघा तिरपा फिरतो आणि काही किलोमीटरमध्ये बोंब मारायला लागतो. म्हणून काढण्याआधी मार्करनं खूण करतात. रामदासभाऊंनी केली नव्हती. पण क्लीटला सोलकडच्या बाजूनं बारीक दात असतात, आणि घट्ट आवळल्यावर ते सोलमध्ये रुततात. टॉर्च तिरपा धरला तेव्हा ते ओरखडे दिसले. दातावर दात बसवून स्क्रू आवळले.

शनिवारी प्रणाली आली. बारीक, उन्हानं रापलेली, घाईत असलेली मुलगी. तिनं सोल वाकवून बघायचा प्रयत्न केला, क्लीटवर अंगठा फिरवला. मग बूट नाकाशी नेला.

"काका, बाबानं कोशाच्या भांड्यात टाकले ना?"

मी बिलाचं पुस्तक शोधायला लागलो.

"राहू द्या. लहानपनापासून त्याच वासात झोपून राहिली मी. घरी आली तवाच समजलं होतं. चूल गरम, अन्‌ भांड्यात कोश नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दोन दिवसांपासून माझ्या तोंडाकडे पाहून नाही राहिले ते." तिनं बूट पिशवीत घातले. "मले समजलं हे त्याईले सांगू नका."

"वास जाईल. आणखी एक दिवस मिळाला असता तर..."

"राहू द्या, काका. बाबाचाच वास हाये तो." हे ती पिशवीकडे बघत म्हणाली. मी पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसला.

"पन एक करा," ती दारातून म्हणाली. "बाबाले धुवाले शिकवा. ह्याच्यापुढं बूट तेच धुतीन."

रविवारी सोल टिकला. तिची निवडही झाली. बुटांमुळे नाही, पायांमुळे. पण बूट सुटला असता तर पायांचं काही चाललं नसतं.

पुढच्या आठवड्यात रामदासभाऊ आले. मी त्यांना ब्रश, साबण, मार्करची खूण, सगळं समजावत बसलो. ते मान हलवत होते, पण नजर भलतीकडे. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही विकलेली कोसा साडी घरी कशी धुवायची म्हणून गिऱ्हाइकाले काय सांगता?"

"थंड पानी. नरम साबन. पिळाचं नाही. सावलीत वाळवाचं."

"झालं तर. हे बूट म्हणजे साडी आहे. तुम्ही कोश समजले."

ते बराच वेळ हसले. त्यानंतर ते बूट धुवायला म्हणून माझ्या दुकानात आलेले नाहीत. धंद्याच्या दृष्टीनं मी मूर्खपणा केला.

परवा ते भंडाऱ्याला आले होते, खास बूट दाखवायला. स्वच्छ, कडक, खुणा जागच्या जागी. जाताना काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "तिले अजून मालूम नाही हां."

"कुठून मालूम पडणार?" मी म्हणालो.

तेव्हापासून कोणतीही जोडी घेताना मी गिऱ्हाइकाला काही विचारण्याआधी बुटाचा वास घेतो. लोक विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. काय झालं ते गिऱ्हाईक सांगत नाही, बूट सांगतो. आणि तो घरच्यांनाही सांगतो.