मारोतीच्या पारावरची आगटी

स्वयंपाक कुठं शिकलात, असं हल्ली मला फार लोक विचारतात. विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा आचारी असतो आणि त्यांना स्वतःला पाणीसुद्धा तापवता येत नाही. प्रवासाची आणि खाण्यापिण्याची दोन पुस्तकं माझ्या हातून लिहून झाल्यापासून अशी मंडळी अधूनमधून येतात, माझ्या हातचं खातात आणि मीठ किती तोळे घालायचं ते कागदावर टिपून घेतात. मीठ चाखून घालतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं. कागद घेऊन ते समाधानानं घरी जातात आणि तिथं आमटी खारट करतात.

माझा जन्म अमरावतीहून मोर्शीकडे जाताना लागणाऱ्या एका काळ्या रानाच्या गावातला. घरी ज्वारी, तूर, अंबाडी, करडईचं तेल आणि आईचा मिरच्यांवरचा गाढ विश्वास. जे काही शिकलो ते एवढ्यातच. भाकरीचं पीठ ताजं आणि पाणी कढत हवं. शिळ्या पिठाची भाकरी थापताना फाटते आणि बाई उगीच तव्याला शिव्या देते. डाळ मऊ होईस्तोवर तीत मीठ घालू नये. अंबाडीचा पाला एकदा उकळून पाणी फेकून द्यावं आणि मग ज्वारीच्या कण्या घालून शिजवावा, नाहीतर दात आंबतात. ठेचा ठेचावा, पाट्यावर वाटला की त्याची चटणी होते. माझ्या दोन्ही पुस्तकांत यापलीकडे कामाचं फारसं काही नाही. उरलेली पानं मी धर्मशाळांतल्या ढेकणांवर खर्च केली आहेत.

मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या पऱ्हाटीच्या बोंडांना एकाएकी मोल आलं. माणसांना अक्कल मात्र आली नाही. ज्याच्या बापानं जन्मभर एका धोतरावर दिवस काढले, तो ऐन वैशाखात खांद्यावर शाल टाकून पारावर घाम पुसत बसू लागला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्वारीच्या रानात कापूस, तुरीच्या रानात कापूस, गुरं चरायच्या गायरानातही कापूस. ज्यांच्या कणगीत ज्वारी मावत नसे ते ती बाजारातून आणू लागले आणि किती महाग पडली ते चारचौघांत अभिमानानं सांगू लागले. असली माणसं मी पुढं अमरावतीत पाहिली, अकोल्यात पाहिली, मूर्तिजापुरात पाहिली. सगळीकडे एकाच घाण्याचं तेल.

मी तरी कोणता वेगळा होतो. विशी ओलांडली तेव्हा मीही अमरावती गाठली. तिथं मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुनीम तळ ठोकून होता, त्याच्या मुदपाकखान्यात शिरलो. त्याच्या गाड्यांबरोबर अकोल्यापर्यंत हिंडलो. श्रीखंड घोटायला शिकलो, पुऱ्या फुगवायला शिकलो, वरणात गूळ घालायला शिकलो आणि मला वाटलं, आपण माणसांत आलो. गावी गेलो की आईच्या झुणक्याकडे पाहून नाक मुरडत असे. आई ताट उचलून नेई.

आमच्या गावात दर चैत्रात मारोतीच्या पारावर रोडग्यांची पंगत होत असे. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे, तेलाचा हात देऊन वळलेले मुठीएवढे गोळे. ते गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची आणि फोडून तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हे काम गडीमाणसांचं, आणि त्यातलं मुख्य काम आगटी लावण्याचं. आमच्या गावात तो मान माझ्या वडिलांचा होता. ते गवऱ्या रचत, ते पेटवत, पहिला रोडगा ते फोडत आणि मारोतीपुढं ठेवत. ते ‘बसा’ म्हणाले की मगच गाव पंगतीला बसे. वडिलांजवळ जमीन थोडी, बोलणं त्याहून थोडं. वर्षातून हा एक दिवस त्यांच्या शब्दावर पाटलालाही खोळंबावं लागे. त्यांच्याजवळ मान म्हणून होता तो एवढाच.

कापसाच्या त्या दिवसांत एका वर्षी पाटलाच्या डोक्यात वारं शिरलं. अमरावतीचे अडते आणि अकोल्याचे दोन पाहुणे त्यानं पंगतीला बोलावले होते. पारावर कनात लावली होती, जणू मारोतीचं लग्न होतं. मी गावी आलोय हे कळताच त्यानं मला वाड्यावर बोलावलं.

“तुह्या बापाले आता जमत नाही,” तो म्हणाला. “यंदा आगटी तू लाव. शयरातले लोक येऊन राहिले. आपली शोभा झाली पायजे.”

वडिलांना जमत नव्हतं असं काहीच घडलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि पाटलालाही ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. घरी येऊन वडिलांना सांगितलं तेव्हा ते बैलाचं दावं वळत होते. त्यांनी दावं पुरतं वळून होऊ दिलं.

“गवऱ्या कुठून आनशीन?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दिवाळीपासून गावातले सगळे बैल कापसाच्या गाड्यांना जुंपलेले. त्यांचं शेण अमरावतीच्या वाटेवर पडत होतं. गायरान गेल्यामुळं गायी विकलेल्या. गावात चांदी होती, पण आगटीपुरत्या गवऱ्या नव्हत्या. पऱ्हाट्या मात्र जिकडंतिकडं. वेचणी संपल्यावर उपटलेल्या त्या वाळक्या काटक्यांचे ढीग घराहून उंच झाले होते.

“पऱ्हाट्या काय कमी आहेत?” मी म्हणालो.

“पऱ्हाटी भडकते आन् विझते. तिचा इस्तू टिकत नाही. तीन गावं फिर, गवऱ्या मांगून आन. मी येतो संगं.”

मुनिमाच्या मुदपाकखान्यातला माणूस मी, शेणाच्या गवऱ्या मागत तीन गावं हिंडू? मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. वडिलांनी दुसरं दावं वळायला घेतलं.

पंगतीच्या दिवशी मी पऱ्हाट्यांची अशी आगटी रचली की शेजारच्या गावाला वाटावं, इकडं आग लागली. ज्वाळा पाहून पाहुणे खूश झाले. पाटलानं शाल सावरली. ज्वाळा बसल्यावर मी रोडगे पुरले. निखारे दिसायला लालभडक होते, म्हणून मी निवांत वांग्याच्या भाजीकडे वळलो. परत आलो तर नुसती राख उरली होती. मग आणखी पऱ्हाट्या घातल्या, पुन्हा भडका उडाला. असं तीनदा झालं. वडील लांब कडुनिंबाखाली उभे होते. तिसऱ्या वेळी ते जवळ आले, काठीनं राख उकरून पाहिली आणि आगटीपाशीच थांबले.

पाहुणे ताटकळले म्हणून पंगत मी आधीच बसवली. पहिला रोडगा मी फोडला. वरून कोळसा, आत पांढरं ओलं पीठ. मारोतीपुढं तो ठेवायची माझी छाती झाली नाही. तोवर पानांवर रोडगे पडले होते. अकोल्याच्या पाहुण्यानं एक फोडला, बोट लावून पाहिलं आणि बाजूच्याकडे पाहून हसला. सगळं गाव आपापल्या पानाकडे पाहत राहिलं.

पाटील उठून माझ्यापाशी आला. “काय केलं हे?”

एका शब्दात सांगता आलं असतं. पऱ्हाट्या मी घातल्या, बापानं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. अडते बघत होते, मुनिमाच्या ओळखीचे. हा प्रकार अमरावतीत कळला तर मला कुणी चुलीजवळ उभं करणार नाही, एवढंच मला सुचत होतं.

“पोरानं बरोबर लावली होती,” वडील म्हणाले. “हा भाजीकडे गेला तं मधात आनखी पऱ्हाट्या म्या टाकल्या. मान गेला म्हनून राग आला मले.”

माझ्या वडिलांना राग आलेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता. तरीही सगळ्यांचा चटकन विश्वास बसला. माणसं दुसऱ्याचा हलकेपणा फार लवकर पटवून घेतात, हे मी तेव्हाच शिकलो.

“देवाच्या जेवनात माती कालवली तुमी,” पाटील म्हणाला. “यापुढं या आगटीपाशी येऊ नका.”

वडिलांनी मान हलवली, काठी उचलली आणि घरी गेले. मी तिथंच उभा राहिलो. पाहुण्यांपैकी एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अकोल्याला ये म्हणाला, तिथं चांगल्या आचाऱ्याची गरज आहे. मी गेलो. माझं नाव झालं ते अकोल्यापासून.

घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही आणि त्यांनी काढू दिला नाही. नंतरच्या चैत्रांत आगटी कुणी दुसरंच लावी. वडील त्या दिवशी शेतावर जात आणि पंगत उठल्यावर परत येत. पुढं लढाई संपली, कापूस पडला, शाली पेटीत गेल्या, पण मारोतीच्या जेवणात माती कालवणारा म्हातारा ही ओळख काही त्यांची सुटली नाही. मी ती सोडवायला कधी गेलो नाही. अकोल्यात माझं बरं चाललं होतं.

ते वारले तेव्हा मी गावी पोचलो. स्मशानातून परतताना पंगतीतलाच एक जुना शेजारी माझ्याबरोबर चालत होता. माणूस मनाचा चांगला.

“तुह्या बापानं भर पंगतीत तुही फजिती केली होती,” तो म्हणाला. “तरी तू त्याले अंतर देल्लं नाही. लेक असावा तर असा.”

मी हो म्हणालो.