घनसाळ निवडताना सुटलेले सुस्कारे

मी उंदीर कापते हे आईला माझ्याच तोंडून कळलं. आमच्या जैन घरात मेथीच्या जुडीत अळी सापडली तर ती पानासकट परसात नेऊन ठेवतात. तिथं जेवणाच्या ताटावर बसून मी फुशारकीनं सांगत होते, की उंदराच्या मेंदूच्या देठाची पातळ चकती कापली तर ती बशीतसुद्धा श्वासाचा ताल धरते. शहाणीच की मी! मी पुढं केलेला पाण्याचा तांब्या आईनं बाजूला सारला आणि उठून स्वतः पाणी घेतलं. पुढं सहा वर्षं तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? झोपेत, भांडणात, बेशुद्धीत माणूस श्वास घ्यायला विसरत नाही, ते कुणाच्या जिवावर, हा माझा प्रश्न होता. आणि त्याचं पहिलं उत्तर उंदरांनीच दिलं होतं.

वडील गेल्यावर मी कोल्हापूरला परतले, एका कॉलेजात शिकवायला लागले आणि ठरवलं, आता माणसांवर काम करायचं, जीव न घेता. माझे पीएच.डी.चे जुने गाइड फोनवर हसले. "श्वासाचं इंजिन आत आहे. बाहेरून छाती बघून तू काय शोधणार?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दाखवतेच! पण जमलं नाही तर परत उंदीर, आणि आई माझ्या हातचं पाणी कधीच घेणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

मला हवे होते सुस्कारे. दुःख असो नसो, आपण दर थोड्या वेळानं नकळत एक खोल श्वास घेतो. त्यानं फुप्फुसातले मिटलेले कप्पे उघडतात. तो हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. माणसानं श्वास मुद्दाम ताब्यात ठेवला तर त्या हुकमाचं काय होतं, एवढंच मला बघायचं होतं.

आमच्या बस्तीत, म्हणजे गल्लीतल्या जैन मंदिरात, रोज येणाऱ्या वयस्क आक्कांना मी गाठलं. सत्तावीस श्वासांत नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायची त्यांची जन्माची सवय. संमतीपत्रावर सह्या करून, छातीला श्वास नोंदवणारे पट्टे बांधून सगळ्या ताठ बसल्या. णमोकार झाले. मग म्हटलं, आक्का, आता साधा श्वास घ्या. छे! कवायत चालूच. वर्षभर संगणकाच्या पडद्यावर एकसारख्या लाटा, सुस्कारा औषधालाही नाही. एकदा तर मी त्या बिचाऱ्यांवर खेकसले.

आई त्यांच्या सोबतीला येऊन कोपऱ्यात बसायची. त्या दिवशी तिला राहवलं नाही. "साधा श्वास घे म्हटल्यावर कोण साधा श्वास घेतंय व्हय? समद्या तुला दाखवाय लागल्यात. हाताला काम दे की त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी तीच घरातला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घेऊन आली आणि णमोकार झाल्याझाल्या प्रत्येकीपुढं सूप ठेवलं. खडे वेचता वेचता सुनांची उणीदुणी काढून झाली, मग बोलणं थांबलं. पट्ट्यांचा विसर पडला. आणि पडद्यावर एक उंच लाट उठली, सुस्काऱ्याची. मग शेजारच्या आक्कांची. मग आणखी एक. मी खुर्चीतून उडालेच! "काय झालं गं?" सगळ्या ओरडल्या. काय सांगू, मला रडू फुटलं होतं.

पुढं नीट मोजलं. आक्का थेट तांदळाला बसल्या तर सुस्कारे नेहमीइतके. णमोकाराचे श्वास मोजून मग बसल्या तर कितीतरी जास्त. म्हणजे दाबलेला सुस्कारा मेंदू विसरत नाही, सवड मिळाली की भरून काढतो. वाया गेलं म्हणून मी ज्या वर्षाच्या नावानं बोटं मोडत होते, त्यातच अर्धं उत्तर होतं. पेपर स्वीकारल्याची मेल आली तेव्हा मी भर गल्लीत ओरडले, "जिंकलो की आक्का!" गाइडना फोन लावला. या खेपेला ते हसले नाहीत. "जिंकलीस पोरी," म्हणाले.

घरी आले तर आईनं आधी विचारलं, "त्यात उंदरांचं लिवलंस का?"

झालं, म्हटलं, आता भांडण. आवाज चढवूनच बोलले, "लिहिलंय. पहिल्याच परिच्छेदात. त्यांच्यावाचून सुस्कारा कुठनं सुटतो हेच कळलं नसतं. मी ते लपवणार नाही."

आई म्हणाली, "बरं केलंस. जीव त्यांचा गेला, आन् नाव न्हाई घेतलं असतंस तर ती चोरी झाली असती." पदरानं कपाळ पुसत ती खाली बसली. "पाणी आण."

मी तांब्या भरून आणला. देताना घाईत निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं ती एका दमात प्यायली आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला.

"निम्मं सांडलंस की. अजून आण."