बंदूक कोणाच्या हाती

बंदुकीच्या तेलाचा वास आला की देवरीजवळच्या आमच्या गावचं शाळेमागचं मैदान आठवतं. स्वराज्य नवं होतं. रानडुकरांपासून धान राखायला गावाला एकच बंदूक मिळणार होती, आणि ती कोणी वापरायची हे आम्हाला बंदूक चालवायला शिकवणारा हवालदार ठरवणार होता. हाती आलेली बंदूक आधी उघडून पाहायची, हा पहिला नियम. सगळे नियम मला तोंडपाठ होते, थोरल्या भावाला वाचताही येत नव्हतं. “खाली है,” म्हणत हवालदाराने दिलेली बंदूक मी तशीच खांद्याला लावली. भावाने मात्र उघडून नळीत पाहिलं. “मुझपे भरोसा नहीं क्या?” हवालदाराने विचारलं. “हाय ना जी. पण बंदूक तुमाले इचारून सुटते काय?” सारे हसले, आणि बंदूक त्याला मिळाली. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. परवा त्याच्या तेरवीला लोक हीच गोष्ट सांगत होते. डोळे पुसतानाही मला त्याचा हेवा वाटला.