आईच्या जागेचं पोतं

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात ग्रीसचा आणि तापल्या लोखंडाचा वास आला, की निजामाच्या राजवटीतली ती अखेरची वर्षं आठवतात आणि नांदेडच्या आमच्या अंगणात उभी असलेली वडिलांची जुनी मोटार. वडील वकील, अदालतीत त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती, पण मोटार मात्र त्यांचं मुळीच ऐकायची नाही, वळण आलं की उजवीकडे कलायची आणि मागून फेकली जायची. लातूरला वडिलांच्या पुतण्याचं लग्न होतं, आईला घेऊन एवढ्या खाचखळग्यांतून जायचं होतं, म्हणून रसूल मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींची रीत अशी, की जो जिथे बसणार तिथे त्याच्या वजनाचं ज्वारीचं पोतं ठेवायचं, चारही चाकांपाशी काठीने उंची मापायची आणि मगच चाकावरचे धक्के झेलणाऱ्या कमानीचे पोलादी पाटे कमीजास्त करायचे. घरच्या बाईला परक्या माणसासमोर तोलणं त्या काळी कुठलं? आईचं वजन वडिलांनीच सांगितलं, "दीड मण," अगदी साक्ष द्यावी तशा खात्रीने. मागे उजवीकडे तेवढं पोतं बसलं आणि त्या बाजूला एक पाटा वाढला.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरच्या रस्त्याने फेरी मारली. वडील चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे आई नि मी. केळीच्या बागांवरून ओलसर वारा येत होता. पण मोटार? छे, पहिल्याहून वाईट! उजवी बाजू उचललेली, वळणावर डुलणारी. प्रत्येक खड्ड्याला आई जागेवरून उडायची आणि पदर सावरत उगीच हसायची.

घरी आल्यावर आम्ही उतरलो, आणि आई एकटी आत बसलेली असतानाच मिस्त्रींनी काठी लावून उंचीची खूण केली. मग वडिलांना बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "वकीलसाब, तुमी दीड मण बोल्ले. बाईसाब तर लई हलक्या हैत."

आई उतरून घरात गेल्यावर वडिलांनी पोतं स्वतः तिच्या जागी चढवलं आणि मापट्याने ज्वारी काढू लागले. मिस्त्री काठी लावून मान हलवत, वडील आणखी एक मापटं उपसत. खूण जुळली तेव्हा पोत्याचा तिसरा हिस्सा खाली सतरंजीवर पडला होता. त्यांनी हातातलं मापटं त्या ढिगावर ठेवलं आणि कुणाकडेच न पाहता ते म्हणाले, "लग्न राहू द्या. उद्या हैदराबादला, डॉक्टरकडे."

मला त्यांचा भयंकर राग आला. रोज समोर ताट वाढणारी बाई वर्षभर झिजत होती आणि ह्यांना पत्ता नाही! पण त्याच वर्षात आईच्या चोळ्या मी दोनदा उसवून आत घेतल्या होत्या. "ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली होती, आणि मी सांगितलं नव्हतं.